मांजराचा लिटर बॉक्स: निवड, जागा आणि रोजची देखभाल

मांजर लिटर बॉक्स, म्हणजे शी-शूसाठी ठेवलेला ट्रे, सोडून गादीवर किंवा गालिच्यावर शू करायला लागलं की घरात पहिला निष्कर्ष ठरलेला असतो: हे मुद्दाम करतंय, काल रागावलो म्हणून आज उट्टं काढतंय. असं काही नसतं. ट्रेकडे जाताना निरोगी मांजर साधारण तीन गोष्टी बघतं. पायाखालचं लिटर (ट्रेमध्ये पसरलेली माती किंवा दाणे) उकरायला बरं वाटतं का, वास सहन होण्याइतका आहे का, आणि बसलेलं असताना कुणी अंगावर आलंच तर पळायला वाट आहे का. यातलं एक जरी बिनसलं तरी ते दुसरी जागा शोधतं. आणि त्याच्या दृष्टीनं गादी ही खरोखर चांगली जागा असते: मऊ, शोषून घेणारी आणि चारी बाजूंनी मोकळी.

गंमत अशी की दुकानात दिसणारे बरेचसे लिटर बॉक्स या तिन्ही बाबतींत माणसाचा विचार करून बनवलेले असतात. जागा अडवू नये म्हणून लहान, दिसू नये म्हणून झाकलेले, वास दबावा म्हणून सुगंधी. विकत घेतो माणूस, वापरतं मांजर. त्यामुळे पुढचं सगळं मांजराच्या बाजूनं लिहिलेलं आहे. माणसाच्या सोयीचं जिथे त्यात बसतं तिथे बसवलंय, बसत नाही तिथे सोडून दिलंय.

आधी मांजर मोजा, मग बॉक्स

मांजर आरामात उभं किंवा आडवं असताना नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत टेप धरा. शेपूट मोजायची नाही. येईल त्या आकड्याच्या किमान दीडपट बॉक्सची लांबी हवी. मांजर ४५ सेंटिमीटर भरलं तर बॉक्स ७० सेंटिमीटरच्या आसपासचा घ्या. रुंदी इतकी की आत पूर्ण गोल फिरता यावं, खड्डा उकरता यावा आणि आधीच्या ओल्या जागेवर पाय न देता दुसरीकडे सरकता यावं. या हिशेबानं पाहिलं तर ‘मोठा’ असा शिक्का असलेले कित्येक ट्रेही लहानच निघतात.

बॉक्स अपुरा आहे हे मांजर सांगत असतं. पुढचे दोन पाय कडेवर ठेवून बसणं, आत शिरूनही मागचा भाग बाहेर राहणं, शी नेमकी कडेवर पडणं, न उकरता घाईघाईनं उडी मारून बाहेर येणं. ‘ट्रेमध्ये जातं पण शू बाहेर करतं’ ही तक्रार अनेकदा निव्वळ लांबी-रुंदीची असते.

मोठा ट्रे मिळत नसेल तर कपडे किंवा खेळणी ठेवायचा प्लास्टिकचा मोठा स्टोरेज बॉक्स घ्या, झाकण बाजूला ठेवा आणि एका बाजूला आत शिरायला खाच कापा. धडधाकट मांजरासाठी खाचेची कड जमिनीपासून १२-१५ सेंटिमीटर चालते. म्हाताऱ्या किंवा सांधे धरलेल्या मांजराला ५-८ सेंटिमीटरच्या वर नको. कापलेली कड सँडपेपरनं नीट घासा, पोटाला ओरखडा बसला की मांजर तिथे परत जायला नाखूश होतं. बाकी तीन बाजू ३० सेंटिमीटर किंवा त्याहून उंच असल्या तर उत्तम. काही मांजरं उभ्याउभ्या शू करतात, काही लिटर असं उधळतात की अर्धं जमिनीवर जातं. दोन्हींवर उंच भिंत हाच उपाय. माझ्या मते तयार ट्रेपेक्षा हा घरगुती प्रकार जवळपास नेहमीच सरस ठरतो, दिसायला बेंगरूळ असला तरी.

झाकण हवं की नको? याबाबत ठाम मतं बरीच ऐकू येतात, पण झाकलेला आणि उघडा असे दोन्ही बॉक्स शेजारी ठेवून, दोन्ही सारखेच स्वच्छ राखून पाहिलं गेलं तेव्हा बहुतेक मांजरांनी फारसा फरक केला नाही. काहींना मात्र एकच प्रकार स्पष्टपणे आवडला. अडचण झाकणापेक्षा माणसाच्या सवयीत आहे. झाकण असलं की घाण दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून ती काढलीही जात नाही. वास आत कोंडतो. माणसाला खोलीत काही जाणवत नाही आणि मांजर मात्र त्यातच नाक खुपसून बसलेलं असतं. घरात एकापेक्षा जास्त मांजरं असतील तर आणखी एक भानगड: एकच दार असलेल्या बॉक्समध्ये बसलेल्या मांजराला बाहेरचं दुसरं मांजर दिसत नाही आणि त्यानं वाट अडवली की पळताही येत नाही. कुत्रा ट्रेमध्ये तोंड घालतो म्हणून झाकण हवंच असेल, तर बॉक्स मोठा घ्या आणि दाराची झडप काढून टाका.

वरून उडी मारून आत जायचे बॉक्स तरुण, चपळ मांजराला जमतात. पिल्लू, लठ्ठ मांजर, म्हातारं मांजर यांच्यासाठी ते नकोत.

आपोआप साफ होणारी यंत्रं आकर्षक वाटतात. ती घ्यायची असतील तर मांजराचं वजन यंत्रानं मागितलेल्या किमान वजनापेक्षा जास्त आहे ना ते आधी तपासा, कारण हलक्या पिल्लाची जाणीव सेन्सरला होईलच असं नाही. साधा ट्रे लगेच उचलू नका, यंत्राला सरावेपर्यंत शेजारी राहू द्या. यंत्राचा खरा तोटा वेगळाच आहे. घाण आपोआप डब्यात जाते, त्यामुळे आज किती शू झाली, शी कशी होती, हे तुमच्या नजरेखालून जात नाही. ते बघणं का महत्त्वाचं, ते पुढे येईलच.

किती बॉक्स, आणि कुठे

मांजरं जितकी, त्याहून एक बॉक्स जास्त. एका मांजराला दोन, दोघांना तीन. एकटं मांजर असेल तर एक मोठा, सतत स्वच्छ बॉक्स अनेकदा पुरतो, पण बऱ्याच मांजरांना शू एकीकडे आणि शी दुसरीकडे करायची असते. अशा मांजराला दुसरा बॉक्स दिला की कुरबुरी आपोआप थांबतात.

एक पळवाट मात्र चालत नाही. तिन्ही बॉक्स एका ओळीत लावले तर मांजराच्या लेखी ती एकच जागा. दांडगट मांजर त्या खोलीच्या दारात पसरलं की बाकीच्यांना तिन्ही बॉक्स बंद. म्हणून वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा, घराला दोन मजले असतील तर दोन्हीकडे.

जागा निवडताना मांजराच्या उंचीवर बसून बघा. शब्दशः बसा. बॉक्सच्या जागेवरून खोलीचं दार दिसतं का? बाहेर पडायला किमान दोन दिशा आहेत का? आसपास काही अचानक खडखडतं का? वॉशिंग मशीनच्या शेजारी बसलेलं असताना एकदा ते जोरात फिरलं की मांजर ती जागा कायमची टाळू शकतं. खाण्या-पिण्याची भांडी आणि बॉक्स लांब हवेत, शक्यतो वेगळ्या खोलीत. न्हाणीघर चालतं, पण तिथली जमीन ओली राहत असेल तर मांजर पाय भिजवून आत येणार नाही. शिवाय कुणी अंघोळीला गेलं की दार बंद, हे विसरू नका. बाल्कनी उन्हापावसानं अवघड होते. आणि घरातली सर्वांत लांबची, अंधारी अडगळ ही माणसाची आवडती जागा, मांजराची क्वचितच. म्हाताऱ्या मांजरासाठी रात्री तिथे मंद दिवा ठेवला तर मदत होते.

एकदा मानवलेली जागा उगाच बदलू नये. हलवायचाच असेल तर एकदम उचलून नेण्यापेक्षा नव्या जागी दुसरा बॉक्स ठेवा, तो रुळेपर्यंत जुना राहू द्या.

लिटर: इथे घाई करू नका

मांजराचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातली रानमांजरं. भुसभुशीत जमिनीत खड्डा करायचा आणि झाकायचं, ही सवय तिथून आली. त्यामुळे बहुतेक मांजरांना बारीक दाण्याचं, वाळूसारखं, बिनवासाचं लिटर आवडतं. आज पिशवीतून मिळणाऱ्या लिटरची सुरुवात १९४७ साली अमेरिकेत झाली. एडवर्ड लोव यांनी तेल-ग्रीस शोषून घ्यायला वापरली जाणारी सुकी चिकणमाती मांजरांसाठी विकायला काढली. त्याआधी लोक वाळू, राख किंवा फाडलेला कागद वापरत, आणि मांजर ती राख पायांनी घरभर करत असे.

आता पर्याय बरेच आहेत. थोडक्यात सांगतो, जिथे जास्त बोलायला हवं तिथे थांबतो.

साधी चिकणमाती, म्हणजे गोळे न होणारी. लघवी शोषते आणि खाली साचवत जाते. शी काढता येते, शू काढता येत नाही, त्यामुळे आठवड्यातून एकदा किंवा दोनदा सगळंच फेकावं लागतं. लहान पिल्लांसाठी आणि तात्पुरत्या कामासाठी ठीक.

गोळे होणारं, म्हणजे क्लम्पिंग लिटर. यात बहुधा सोडियम बेंटोनाइट ही माती असते. पाणी लागलं की ती कितीतरी पट फुगते आणि दाणे एकमेकांना चिकटून घट्ट गोळा होतो. तो अख्खा उचलता येतो, खालचं लिटर कोरडं राहतं. बारीक दाण्याचं, बिनवासाचं क्लम्पिंग लिटर बहुसंख्य मांजरांना मानवतं. नवीन मांजर घरी येत असेल आणि त्याची आधीची सवय माहीत नसेल, तर मी यापासूनच सुरुवात सुचवेन. तोटे दोन: जड असतं, आणि स्वस्त प्रकारात धूळ उडते. मांजराला दमा असेल, किंवा घरात कुणाला असेल, तर कमी धुळीचं निवडा आणि ओतताना पिशवी उंच न धरता कडेला टेकवून हळू ओता.

सिलिका जेलचे खडे. नव्या पर्सच्या आत छोटी पुडी असते, त्यातलंच द्रव्य. ओलावा भरपूर शोषतं, वास धरून ठेवतं, वजनाला हलकं. पण खडे टोचतात आणि पाय पडला की करकर वाजतात. काही मांजरं त्यावर पाय ठेवायलाच तयार होत नाहीत. शी रोज काढायची आणि खडे रोज ढवळायचे, नाहीतर खालचे भिजतात आणि वरचे कोरडे राहतात.

लाकडाच्या भुशाच्या कांड्या, म्हणजे पेलेट. ओल्या झाल्या की त्यांचा भुगा होतो. जाळीचा दोन थरांचा ट्रे असेल तर भुगा खाली पडतो आणि कोऱ्या कांड्या वर राहतात. धूळ कमी, लाकडाचा वास नैसर्गिक. कांड्या जाड असल्यानं काही मांजरांना उकरताना आवडत नाहीत.

कागदाच्या कांड्या मऊ असतात, बिनधुळीच्या असतात. शस्त्रक्रियेनंतर टाक्यांना किंवा पायाच्या जखमेला बारीक माती चिकटू नये म्हणून डॉक्टर अनेकदा याच सुचवतात. सोयाबीनच्या चोथ्याचं टोफू लिटर, मक्याचं, गव्हाचं, अशी वनस्पतीजन्य लिटरंही गोळा धरतात आणि हलकी असतात. दमट हवेत उघडी पिशवी राहिली तर त्यांना बुरशी किंवा कीड लागू शकते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

सुगंधी लिटर घेऊ नका. लॅव्हेंडर किंवा लिंबाचा वास माणसाला प्रसन्न वाटतो. मांजराचं नाक आपल्यापेक्षा कैक पटींनी तीक्ष्ण, आणि लिंबूवर्गीय वास तर बऱ्याच मांजरांना मुळात नकोसा. वास येत असेल तर तो दाबायचा नसतो, काढायचा असतो. तळाला खायच्या सोड्याची पातळ फक्की मारायला हरकत नाही.

थर किती? बारीक मातीचा ५ ते ७ सेंटिमीटर. त्याहून कमी असला की लघवी तळाला पोचून चिकटते आणि खरवडत बसावं लागतं. फार जाड केला तर पाय रुततो, मांजराला अस्थिर वाटतं, आणि लिटर वाया जातं ते वेगळंच. पेलेट असतील तर ३-४ सेंटिमीटर पुरे. लांब केसांच्या काही मांजरांना पातळ थरच बरा वाटतो.

तुमच्या मांजराला काय आवडतं हे विचारायची पद्धत सोपी आहे. दोन सारखे बॉक्स शेजारी ठेवा, दोन वेगळी लिटरं घाला, दोन्ही रोज साफ करा, दर दोन दिवसांनी जागांची अदलाबदल करा. आठवडा-दोन आठवड्यांत कौल मिळतो. मांजर भरपूर उकरतं, आरामात झाकतं ते आवडीचं. कडेवर पाय ठेवून बसतं, लिटरऐवजी भिंत खरवडतं, बाहेर येताच पंजे झटकतं ते नावडतं.

लिटर बदलायचं ठरलं तरी रातोरात बदलू नका. नवं लिटर दुसऱ्या बॉक्समध्ये देऊन बघणं सगळ्यात सुरक्षित. दुसऱ्या बॉक्सला जागाच नसेल तर जुन्यात नवं चतुर्थांश मिसळा आणि आठ-दहा दिवसांत प्रमाण वाढवत न्या. मध्येच मांजर कुरकुरलं तर एक पायरी मागे या.

पहिले काही दिवस

मोठ्या मांजराला शिकवावं लागत नाही, दाखवावं लागतं. नवीन घरी आलं की सुरुवातीला एकाच खोलीत ठेवा आणि बॉक्स त्याच खोलीत, डोळ्यांसमोर. जेवण झाल्यावर, झोपेतून उठल्यावर, खेळून झाल्यावर त्याला बॉक्सजवळ न्या आणि सोडून द्या. त्याचे पंजे धरून लिटर उकरून दाखवायचा मोह होतो. तो आवरा, पकडून ठेवलेलं कुठल्याच मांजराला आवडत नाही. पहिली शू झाली की गोळा लगेच न काढता एक लहानसा राहू द्या, स्वतःच्या वासावरून जागा पक्की होते.

अंगणात किंवा बागेत जाणाऱ्या मांजराला घरात आणायचं असेल तर लिटरमध्ये थोडी बाहेरची कोरडी माती मिसळून सुरुवात करा आणि हळूहळू कमी करा.

पिल्लं तीन-चार आठवड्यांची होईपर्यंत आईच त्यांना चाटून शी-शू करवते. त्यानंतर ती स्वतः उकरू लागतात. त्यांना अगदी बुटक्या कडेचा छोटा ट्रे द्या, आणि गोळे होणारं लिटर सुरुवातीला टाळा. पिल्लू दिसेल ते तोंडात घालतं, आणि फुगणारी माती पोटात गेली तर आतड्यात अडथळा होऊ शकतो. दोन-तीन महिन्यांचं होऊन लिटर खायची खोड गेली की बदलायला हरकत नाही. पिल्लाची मूत्राशयाची पिशवी लहान आणि खेळाची धुंदी मोठी, त्यामुळे बॉक्स नेहमी काही पावलांवर हवा.

रोजचं काम

दिवसातून किमान एकदा, जमलं तर सकाळ-संध्याकाळ दोनदा गोळे आणि शी काढा. बाकी सगळं करून हे केलं नाही तर बाकीचं व्यर्थ. धातूचा, बारीक फटींचा स्कूप घ्या. प्लास्टिकचा वाकतो, आणि वाकला की ओला गोळा फुटून तुकडे परत लिटरमध्ये मिसळतात. तेच तुकडे पुढे वास मारतात. गोळा ताजा असेल तर पंधरा-वीस मिनिटं थांबून मग उचला, तोवर घट्ट होतो. स्कूप एका कडेनं तळापर्यंत घालून चाळत जा, कोपरे विसरू नका, मग लिटर सारखं करा आणि जेवढं कमी झालं तेवढं वरून घाला.

गोळे होणारं लिटर रोज काढत असाल तरी दोन ते चार आठवड्यांनी पूर्ण बदलायला हवं. नेमका दिवस कॅलेंडरपेक्षा नाकानं ठरवा: नुकतंच साफ केलेलं असूनही अमोनियाचा भपका येत असेल तर वेळ झाली.

बॉक्स रिकामा केल्यावर गरम पाणी आणि भांडी घासायच्या बिनवासाच्या सौम्य साबणानं धुवा. स्पंज वेगळा ठेवा. भरपूर पाण्यानं खंगाळा आणि पूर्ण कोरडा होऊ द्या, कारण ओल्या तळावर नवं लिटर लगेच चिकटतं. तळाला पांढुरकी खरपुडी धरली असेल तर पातळ व्हिनेगर थोडा वेळ ठेवून घासा आणि वास जाईपर्यंत पाणी ओता. फिनेल वापरू नका. फिनॉलवर्गातली जंतुनाशकं मोडून बाहेर टाकायची क्षमता मांजराच्या यकृतात फार कमी असते. पंजाला लागलेलं ते चाटतं आणि विषबाधा होते. ब्लीचही लघवीवर ओतू नका, त्यातून विषारी वायू निघतात. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र तर कधीच नाही.

प्लास्टिकच्या तळाला नखांचे ओरखडे पडतात आणि त्यांत वास मुरतो. धुऊनही वास जात नसेल तर बॉक्स बदला, साधारण वर्षभरात ती वेळ येते. स्टीलचा बॉक्स मिळाला तर हा प्रश्न उरत नाही. प्लास्टिकच्या पिशवीचं अस्तर लावायची पद्धत मला पटत नाही. उकरताना नखं अडकतात, पिशवी फाटते, आणि लघवी तिच्याखाली साचते.

लिटर पायांना लागून बाहेर येणारच. बॉक्सच्या तोंडाशी खाचांची चटई टाका, बाकी झाडू आहेच.

काढलेली घाण पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. संडासात टाकू नका. मातीचं लिटर नळीत फुगून बसतं. ‘फ्लश करता येईल’ असं छापलेल्या लिटरबद्दलही मी हेच म्हणेन, कारण मांजराच्या शीमध्ये टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडीसदृश रूपं असू शकतात आणि सांडपाणी प्रक्रियेत ती मरतीलच याची खात्री नसते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या समुद्री पाणमांजरांच्या मृत्यूंमागे हा परजीवी सापडला आहे.

याच परजीवीमुळे गर्भवती स्त्रियांना मांजरापासून दूर राहायला सांगितलं जातं, आणि कधीकधी मांजरच घराबाहेर काढलं जातं. तेवढी गरज नसते. शी बाहेर पडल्यावर तो परजीवी संसर्ग करण्याजोगा व्हायला साधारण एक ते पाच दिवस लागतात, म्हणजे रोज साफ केलेला बॉक्स आपोआप बराच सुरक्षित होतो. गरोदरपणात आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी हे काम घरातल्या दुसऱ्याला द्यावं. तसं कुणी नसेल तर हातमोजे घालून रोज करावं आणि नंतर साबणानं हात धुवावेत. मांजराला कच्चं मांस देऊ नये, शिकारीला बाहेर सोडू नये.

ट्रेबाहेर झालं तर

पहिलं काम साफसफाईचं नाही, ओळखण्याचं. आडव्या जागेवर मोठं थारोळं असेल तर ती नेहमीची लघवी. भिंतीवर, पडद्यावर, सोफ्याच्या उभ्या बाजूला फवारा असेल, आणि मांजर शेपूट ताठ करून थरथरवत उभं राहिलेलं दिसलं असेल, तर ते हद्द आखतंय. नसबंदी न झालेल्या बोक्यांत हे सर्रास असतं आणि शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांत कमी होतं किंवा थांबतं. खिडकीबाहेर फिरणारं परकं मांजर हेही कारण असतं, तेव्हा खिडकीचा खालचा भाग झाकून बघा.

डाग साफ करताना एन्झाइमचं क्लीनर वापरा. लघवीतलं युरिक ॲसिड साध्या साबणानं नीट जात नाही, माणसाला वास येईनासा होतो पण मांजराला येत राहतो, आणि ते पुन्हा तिथेच जातं. द्रव जितका खोल मुरलाय तितकं क्लीनर खोल जायला हवं, आणि बाटलीवर लिहिलेला वेळ ते ओलं राहायला हवं. जुने डाग शोधायला अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा. अमोनिया असलेलं काहीही वापरू नका, त्याचा वास लघवीशी मिळताजुळता असतो.

नाक घासणं, ओरडणं, पकडून ट्रेमध्ये बसवणं यांतून मांजर एवढंच शिकतं की तुमच्यासमोर शू करणं धोक्याचं आहे. मग ते पलंगाखाली करायला लागतं.

कारण शोधताना अलीकडे काय बदललं ते आठवा: नवं लिटर, नवी जागा, पाहुणे, बाळ, दुसरं मांजर, दुरुस्तीचा आवाज. एका वेळी एकच गोष्ट सुधारा, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही. मांजर एका विशिष्ट कोपऱ्यालाच चिकटलं असेल तर सरळ तिथे बॉक्स ठेवा. तो रोज वापरू लागलं की दररोज वीतभर हलवत सोयीच्या जागी न्या.

बॉक्समध्ये काय दिसतं

आजार लपवण्यात मांजर पटाईत असतं, पण बॉक्समध्ये लपवता येत नाही. निरोगी मोठं मांजर दिवसाला साधारण दोन ते चार वेळा शू आणि एकदा शी करतं. तुमच्या मांजराचे गोळे एरवी किती आणि केवढे असतात ते डोळ्यांत बसवून घ्या. गोळे एकाएकी मोठे आणि जास्त होऊ लागले आणि पाणीही जास्त पिऊ लागलं, तर मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, थायरॉइड यांपैकी काही असू शकतं, आणि मध्यमवयीन किंवा म्हाताऱ्या मांजरात हे अंगावर काढू नये. कडक, सुकलेल्या लेंड्या बद्धकोष्ठाच्या. दोन दिवस शी नसेल, किंवा पातळ शी, रक्त, चिकट आव एका दिवसापेक्षा जास्त टिकली, तर डॉक्टरांकडे.

एक प्रसंग मात्र सकाळपर्यंत थांबण्याचा नसतो. बोका वारंवार बॉक्समध्ये जातोय, कुंथतोय, थेंब-दोन थेंब येतात किंवा काहीच नाही, ओरडतोय, शूची जागा सारखी चाटतोय. बघणाऱ्याला बद्धकोष्ठ वाटतं. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, तिच्यात खडे किंवा चिकट गोळा अडकला की लघवी तुंबते, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. त्याच तासाला डॉक्टर गाठा. मांजरीला हे क्वचित होतं, पण तीही असं करत असेल तर मूत्राशयाची सूज असू शकते. अशी सूज अनेकदा जंतूंमुळे नसून ताणामुळे येते.

मांजर बॉक्समध्ये दुखत-खुपत शू करतं तेव्हा ते त्या दुखण्याचा संबंध बॉक्सशी जोडतं. औषधानं बरं झाल्यावरही जुन्या बॉक्सकडे फिरकत नाही. अशा वेळी नवा बॉक्स, वेगळं लिटर आणि दुसरी जागा असं तिन्ही एकदम बदलून द्या. एका वेळी एकच बदल हा नियम इथे लागू नाही.

डॉक्टरांनी लघवीचा नमुना मागितला तर बॉक्स धुऊन कोरडा करा आणि न शोषणारे प्लास्टिकचे मणी घाला. ते याच कामासाठी मिळतात. मांजराला तो एकच बॉक्स असलेल्या खोलीत ठेवा. शू झाली की बॉक्स तिरका करून ड्रॉपरनं ओढा आणि स्वच्छ बाटलीत भरा. बाटलीवर वेळ लिहा आणि शक्यतो दोन तासांच्या आत पोचवा. तेवढ्यात जमणार नसेल तर बाटली घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा, गोठवू नका, आणि नमुना कसा घेतला, कितीला घेतला हे डॉक्टरांना सांगा. खड्याची किंवा संसर्गाची शंका असेल तर ते बहुधा सुईनं थेट मूत्राशयातूनच नमुना घेतील, तेव्हा घरून निघायच्या आधी मांजराला शूला जाऊ न देता नेलेलं बरं. अर्थात वर सांगितलेल्या बोक्यासारखी शू तुंबलेली असेल तर नमुन्याचा विचारही करत बसू नका.